वसईचा सागरी दरवाजा

दिल्लीकडील एखादे मराठी कुटुंब मे महिन्याच्या सुटीत मुंबईस आले, तर त्याने एक दिवस वसईसाठी राखून ठेवावा. आगगाडी भाईंदरची खाडी ओलांडते. त्याच खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने ही भूमी पोर्तुगीजांस दिली आणि पुढे दोनशे वर्षे हे बंदर त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होऊन राहिले.

तटाच्या आत आता छप्पर हरवलेली प्रार्थनामंदिरे, ओस पडलेले वाडे आणि ताडांची विरळ सावली आहे. माध्यान्हीच्या उन्हात दगड असा तापतो की त्यावर हात ठरत नाही. सागरी दरवाजातून बाहेर यावे, तो खाडीवरचा वारा अंगास लागतो आणि कोळ्यांच्या होड्या दिसतात.

अशाच उन्हात, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या सैन्याने ही वसई जिंकली. फेब्रुवारीपासून वेढा चालू होता. अखेरीस सुरुंगांनी तट फुटला, शेकडो माणसे कामी आली, तेव्हा निशाण चढले. शरण आलेल्या शत्रूस मात्र शस्त्रांसह सन्मानाने जाऊ दिले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्या विजयाची खूण म्हणून आजही दाखवितात.

परंतु याच वसईने दुसराही प्रसंग पाहिला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईस आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रजी फौज पदरी ठेवावी, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा आणि इंग्रजांना विचारल्यावाचून परराज्याशी बोलणे करू नये, अशी त्याची कलमे होती. जे बंदर घेण्यासाठी रक्त सांडावे लागले, तेथेच स्वातंत्र्य शाईने लिहून दिले गेले.

शिंदे व भोसले यांना हा तह मानवला नाही, युद्ध पेटले. होळकर अलिप्त राहिले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी, म्हणजे तहानंतर नऊ महिनेही लोटले नव्हते तोच, यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजच्या रणात जनरल लेकने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. महादजींनी बसविलेला दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल तेथे संपला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. शेजारच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या हजारोंना त्याची वार्ताही नसते.

संध्याकाळी भरती चढते, होड्या हलू लागतात आणि दिल्लीचे कुटुंब परतीची गाडी धरते. सुटी संपवून ते यमुनेकाठी आपल्या घरी पोचेल, तेव्हा एखाद्या रविवारी मुलांना तो स्तंभही दाखवावा. घरच्या भांडणात परक्याला पंच केले की काय होते, ते या दोन जागा मिळूनच सांगतात: पहिली ओळ वसईच्या किनाऱ्यावर लिहिली गेली आणि दुसरी दिल्लीच्या वेशीवर.