दोन राशी



गोष्टींतला राक्षस दुष्ट आणि राजपुत्र सज्जन, ही विभागणी बालवयात सोयीची असते. परंतु ज्या ग्रंथाने पिढ्यान्‌पिढ्या धर्म-अधर्माचा विचार करायला शिकवले, त्या महाभारतातच ती टिकत नाही.

द्यूतसभेचा प्रसंग पाहावा. द्रौपदी भर सभेत न्याय मागते. धर्मज्ञ म्हणून मान्यता पावलेले भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतात. तिला पणाला लावणारा युधिष्ठिर निरुत्तर होतो. तेव्हा द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे निर्भयपणे सांगणारा विकर्ण हा धृतराष्ट्राचाच पुत्र असतो. पुढे तोच विकर्ण कौरवांच्या बाजूने लढतो आणि भीमाच्या हातून मारला जातो. त्याला मारल्यावर खुद्द भीमाला शोक होतो.

युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी अर्धसत्य उच्चारताच तो भूमीला टेकला. एवढ्यावर हिशेब संपत नाही. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला दुर्योधन स्वर्गात वैभवाने बसलेला दिसतो, तर स्वतःचे बंधू नरकात. संतापलेल्या युधिष्ठिराला इंद्र सांगतो, की शुभ आणि अशुभ अशा दोन राशी असतात. ज्याचे पाप अधिक तो आधी स्वर्ग भोगतो आणि मग नरक, ज्याचे पुण्य अधिक तो आधी नरक पाहतो. द्रोणांना फसवल्याबद्दल धर्मराजालाही नरकाचे दर्शन चुकत नाही.

याचा अर्थ सगळे सारखेच, असा मात्र नव्हे. दोन्ही राशी प्रत्येकाजवळ असल्या तरी त्या समान नसतात. द्रौपदीची विटंबना हा अपराधच राहतो. विकर्णाच्या धैर्याने तो पुसला जात नाही. महाभारत कृत्याचा निवाडा कठोरपणे करते, माणसाचे खाते मात्र एका नोंदीवर बंद करत नाही.

शाळेत आणि घरात हा विवेक रोज पणाला लागतो. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला शिक्षा व्हावी. पण ‘हा मुळातच खोटा’ असा शिक्का बसला, की सुधारण्याचे कारणच त्याच्यापाशी उरत नाही. ‘गुणी’ हा शिक्काही कमी जड नसतो. तो मिरवणारे मूल चूक कबूल करण्याऐवजी ती लपवायला शिकते. मोठेपणी अशा माणसाला आपल्या हातून अन्याय होऊ शकतो, हेच मान्य होत नाही. आपण सज्जन आहोत या खात्रीनेच अनेक सज्जन सभेत गप्प बसतात.

साठ वर्षांच्या हजेरीपटांवर किती तरी नावे असतील. त्यांतले एकही केवळ शुभ्र नाही, एकही केवळ काळे नाही. कोणती रास वाढवायची, हे प्रत्येकाला रोज नव्याने ठरवावे लागते. तेवढी संधी प्रत्येक मुलासाठी मोकळी ठेवणे, हेच शिक्षकाचे आणि पालकाचे काम होय.