मापात पाप



यवतमाळ जिल्ह्यातला आपला महागाव तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. तालुक्यातल्या फुलसावंगीत ‘काटा’ या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. भाव हर्रासात ठरतो, पण पदरात काय पडणार ते काट्यावर ठरते. काटा मारला गेला, की वर्षभराच्या घामातला काही हिस्सा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा होतो. म्हणून तर आपल्या भाषेने लबाडीला बाजारातलेच नाव दिले: मापात पाप. ख्रिस्ती जीवनातला मोह आणि पापाचा धोका हा आजचा विषय मी या दोन शब्दांच्या आधारानेच मांडणार आहे. मोह म्हणजे वाईट गोष्टीची ओढ, असे आपण समजतो. माझ्या मते त्याचा गाभा आणखी खोल आहे. जगासाठी एक माप आणि स्वतःसाठी दुसरे, ही मुभा माणूस ज्या क्षणी घेतो, त्या क्षणी तो मोहाला वश होतो. ही मुभा अंगवळणी पडली की खरे वजन कोणते हे त्याला कळेनासे होते. पापाचा सर्वांत मोठा धोका हाच.

बायबलने तराजूची दखल फार गांभीर्याने घेतली आहे. प्राचीन इस्राएलात वजने दगडाची असत. यहूदा प्रांताच्या उत्खननांत चुनखडीची अशी घुमटाकार वजने बरीच सापडली आहेत. एक शेकेल म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या २५व्या अध्यायात पिशवीत लहान आणि मोठा असे दोन दगड बाळगायला सक्त मनाई आहे. खोटा तराजू देवाला किळसवाणा वाटतो, असे नीतिसूत्रे सांगते. तकोवाचा मेंढपाळ आमोस याने इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात धान्याचे माप लहान आणि पैशाचे वजन मोठे करून गरिबाला नागवणाऱ्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले. अनुवादातल्या त्या आज्ञेतली एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. मनाई आहे ती दुसरा दगड जवळ ठेवण्यालाच. गिऱ्हाईक दुकानी येण्याआधी, काटा हलण्याआधी, तो दगड पिशवीत पडलेला असतो. लबाडी दिसते बाजारात, ठरते मात्र घरी. याकोबाच्या पत्रात वासनेला गर्भ राहतो, ती पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला जन्म देते, असा क्रम सांगितला आहे. तोही हीच वाट दाखवतो.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा दावीद राजाच्या कथेत मिळतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११वा अध्याय सुरू होतो तो राजांनी लढाईवर जाण्याच्या दिवसांत. सैन्य रणात, राजा मात्र यरुशलेमेत. पहिला वेगळा दगड इथेच पिशवीत पडला: शिपायांनी तंबूत राहावे, मी महालात. मग गच्चीवरून बथशेबा दिसली. ती आपला सैनिक उरीया याची पत्नी आहे हे कळल्यावरही दावीदाने तिला बोलावणे पाठवले. ती गरोदर राहिल्यावर त्याने उरीयाला रणातून बोलावून घरी जायला सांगितले. सोबती उघड्यावर असताना आपण घरी कसे निजावे, म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. त्याच्याकडे एकच माप होते. शेवटी त्याच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र राजाने त्याच्याच हाती सेनापतीकडे धाडले. एका नजरेपासून खुनापर्यंतचा हा प्रवास आहे आणि प्रत्येक पावलाला राजाजवळ काहीतरी समर्थन असणारच. नाथान संदेष्टा आला, तेव्हा त्याने राजावर थेट आरोप केला नाही. गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद संतापला; तो माणूस मरणास पात्र आहे आणि त्याने मेंढीची चौपट भरपाई द्यावी, असा निवाडा त्याने दिला. त्याची न्यायबुद्धी शाबूत होती, पण ती दुसऱ्याच्या पापापुरतीच चालत होती. तो माणूस तूच, हे नाथानाला सांगावे लागले.

आता याच्या शेजारी येशूची रानातली परीक्षा ठेवा. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान दगडांच्या भाकरी करायला सांगतो. भूक खोटी नव्हती, भाकरीही वाईट नव्हती. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाकण्यासाठी तर त्याने ९१व्या स्तोत्राचाच आधार दिला. तिसऱ्या परीक्षेत त्याने नमनाच्या बदल्यात जगाची राज्ये देऊ केली. मत्तय आणि लूक यांच्यात शेवटच्या दोन परीक्षांचा क्रम वेगळा आहे, पण तिन्हींचा सूर एकच: तू देवाचा पुत्र, तुला सवलत आहे. येशूने तिन्ही वेळा उत्तर दिले ते अनुवाद या ग्रंथातले, म्हणजे साऱ्या इस्राएलाला लागू असलेल्या मापाचे. स्वतःसाठी निराळे वजन त्याने नाकारले. मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’ मोह आणि कसोटी हे दोन्ही अर्थ सांगतो. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने त्यासाठी ‘परीक्षा’ हा शब्द घेतला, तो मोलाचा आहे. ओढ वाटणे म्हणजे पाप नव्हे. ओढ प्रत्यक्ष ख्रिस्तापुढेही उभी राहिली. वजन खरे की खोटे, हे त्या घडीला ठरते.

मराठी ख्रिस्ती इतिहासातही याची साक्ष आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ मधल्या आपल्या साक्षनिवेदनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले. तोवर त्यांनी शारदा सदन उभारले होते, जगभर नाव झाले होते. एवढे पुण्य पदरी असताना स्वतःला पुन्हा काट्यावर ठेवणे किती कठीण! नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी सोवळे कसे सांभाळले आणि माणसामाणसांत भेद करणारे ते माप शेवटी कसे टाकून दिले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आहे. पण मंडळीने नेहमीच ते टाकले असे नाही. गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारींमध्ये, म्हणजे धर्मबंधूंच्या मंडळांमध्ये, जातीवरून पिढ्यानपिढ्या वाद झाले. एकाच वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि मानपानाला जात मोजायची, हेही मापातले पापच. १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळला होती. देशभरातले पाळक या जिल्ह्यात घडले. अशा जिल्ह्यातल्या मंडळीने दारूवर बोलावे आणि जातीवर गप्प राहावे, हे शोभणारे नाही.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की गरजेपोटी केलेल्या चुकीला पाप म्हणणे निर्दयपणाचे आहे. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांत पिचलेल्या माणसाला नीती कुणी शिकवावी? हा आक्षेप मला वजनदार वाटतो. नीतिसूत्रेही म्हणते, की भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा लोक तिरस्कार करत नाहीत. तरी चोरी भरून द्यावी लागतेच. बायबलचा क्रम इथे स्पष्ट आहे. आमोसाचा कोप आधी काटा मारणाऱ्यावर आहे, नागवलेल्यावर नाही. म्हणून जी मंडळी गरिबाच्या लहान पापावर प्रवचन देते आणि त्याला लुटणाऱ्याच्या देणगीवर मौन पाळते, तिच्या पिशवीतच दोन दगड आहेत. तरीही गरिबाला पापाच्या प्रश्नातून वगळणे हा त्याचा सन्मान नव्हे. निवड करू शकणारा माणूस म्हणून त्याला ओळखणे, हा सन्मान आहे. दुसरा आक्षेप असा, की पापाच्या भाषेने माणूस अपराधभावाने खचतो. भीती घालणारी प्रवचने झाली आहेत, हे मान्य करायला हवे. पण दुकानातली वजने ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का घ्यावा लागतो. ती तपासणी दुकान बंद पाडण्यासाठी नसते, व्यवहारावर विश्वास राहावा म्हणून असते. पापकबुलीचे काम तेच.

तिसरा आक्षेप श्रद्धावानांचाच: कृपा आहे, क्षमा आहे, मग एवढी धास्ती कशाला? याचे उत्तर लूकच्या १९व्या अध्यायात, यरीहोच्या जक्कयाकडे आहे. जकातदारांचा हा मुख्य. दुसऱ्याच्या खिशाला जास्तीचे माप लावूनच श्रीमंत झालेला. येशूने त्याच्याकडे आधी हिशोब मागितला नाही. त्याच्या घरी उतरणार असे सर्वांदेखत सांगितले. कृपा आधी आली, आणि ती आल्यावर जक्कय स्वतःहून उभा राहिला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट. हा आकडा आपण मघाशी ऐकला आहे. चौपट भरपाईचा निवाडा दावीदानेही दिला होता, पण तो दुसऱ्यावर. जक्कयाने तोच निवाडा स्वतःवर दिला. क्षमेने त्याचे माप ढिले केले नाही. ते पहिल्यांदा खरे केले. मोह उद्याही येईल, शेतात, दुकानात, प्रार्थनागृहातही. तेव्हा विचारायचा प्रश्न एवढाच: शेजाऱ्याच्या चुकीला मी जो दगड लावतो, तोच आज माझ्या पारड्यात आहे का?