गच्चीवरचे ऊन आणि नियमाची रेघ

मे महिन्यात इंदूरच्या शाळांना सुटी असते. वर्ग रिकामे, पंखे थांबलेले. ऊन मात्र ऐन भरात. शाळेच्या गच्चीवर सौरपट्ट्या बसविल्या असतील, तर त्या दिवसांतील विजेचे काय होते?

नेट मीटर असेल, तर शिल्लक वीज तारांवाटे इतरांकडे जाते, तितकी युनिटे शाळेच्या खाती जमा होतात आणि पुढल्या महिन्यांच्या बिलांतून वजा होतात. ग्रॉस मीटरची रीत निराळी. सारी वीज ठरीव दराने कंपनीस द्यायची आणि आपल्या गरजेची तिच्याच दराने विकत घ्यायची. दरांतील अंतर ग्राहकाच्या माथी!

डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनी नेट मीटरची मुभा १० किलोवॉटपर्यंतच ठेवली. घराला ते पुरेसे होते. शाळा, रुग्णालये, लहान कारखाने बाहेर राहिले. हरकती झाल्या, आणि जून २०२१ मध्ये ही मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल ते, अशी झाली.

रात्री लागणाऱ्या तारांचा खर्च कोणी सोसावा, हा वितरण कंपन्यांचा प्रश्न खोटा नाही. तरीही मंजूर भार १५ किलोवॉट असलेल्या शाळेने ४० किलोवॉटची गच्ची ओस का ठेवावी? भार वाढविला, तर स्थिर आकारही वाढतो.

नियम माणसेच लिहितात. भोपाळचा विद्युत नियामक आयोग मसुद्यांवर जनतेच्या सूचना मागवितो. आपली सूचना तेथे पोहोचली पाहिजे. एक रेघ अशीच पुसली गेली आहे.