झूम नको, दोन पावलं पुढे

तायांनो, मागच्या महिन्यात आपल्या एका गटाची पापडाची ऑर्डर हुकली. माल चांगला होता, फोटो धूसर होता. चूक माझीही आहे. पाठवण्याआधी मी तो उघडून पाहिलाच नाही.

आता आपापला फोन काढा. आधी सुती पदराने लेन्स पुसा, पिठाचा-तेलाचा हात लागलेला असतोच! फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समजा. एक ठिपका म्हणजे पिक्सेल. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. बोटांनी झूम केलं की साध्या फोनमध्ये ठिपके वाढत नाहीत, आहेत तेच ताणले जातात. म्हणून फोटो फाटल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. मग स्क्रीनवर पापडावरच बोट टेकवा. तिथे फोकस बसतो, उजेडही त्याच जागेचा धरला जातो. दार-खिडकी पापडाच्या मागे नको, माल काळा दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो लहान होतो, बारकावे जातात. ‘डॉक्युमेंट’मधून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

चला, समोरच्या ताटाचा एकेक फोटो काढा. मी फिरून बघते.