डॅशबोर्डवरचा काटा बंद पडला तर

आज आम्ही बोलणार आहोत गाडीच्या डॅशबोर्डवरच्या काट्यांबद्दल. हा बायकांचा विषय आहे का, असं कुणी विचारेल. आपल्या सिन्नर तालुक्यात कितीतरी गटांचा भाजीपाला, पापड-मसाल्याचा माल, बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळं एखाद्या जुन्या जीपमधून किंवा मारुती व्हॅनमधूनच जातं. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. गाडी गटाची, हप्ता गटाचा, मग काटा बंद पडला तर तो प्रश्नही गटाचाच.

आमच्या गटाच्या जुन्या डिझेल जीपचे दोन काटे एका उन्हाळ्यात बंद पडले. एक इंजिन किती तापलं ते दाखवणारा, दुसरा डिझेलचा. डिझेलचा काटा नसला तर टाकीत काठी घालून बघता येतं. पण तापमानाचा काटा नसताना भरलेली गाडी मोहदरीच्या घाटातून आणणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून शेतात जाण्यासारखं आहे. रेडिएटरमधलं पाणी संपलं, इंजिन तापलं आणि कळलं नाही, तर हेड गॅस्केट जातं. तसंच चालवत राहिलं तर इंजिन जाम होतं. मग त्या हंगामाची सगळी कमाई गॅरेजमध्येच जाते. म्हणून आम्ही काटा दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही असं ठरवलं.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, सगळे मीटर बदला, वायरिंगही नवीन टाका. खर्च ऐकून आम्ही गाडी परत आणली. मग वायरिंगचं काम जाणणाऱ्या गावातल्याच एका भाऊंना विचारलं. त्यांनी जे समजावलं ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, काटा हा नुसता निरोप सांगणारा आहे. निरोप पाठवणारा दुसरीकडे असतो. तापमानाचा निरोप इंजिनवर बसवलेला छोटा सेन्सर पाठवतो. डिझेल-पेट्रोलचा निरोप टाकीतला फ्लोट पाठवतो. मध्ये वायर असते. निरोप पोचला नाही तर दोष तिघांपैकी कुणाचाही असू शकतो. म्हणून डॅशबोर्ड खोलायच्या आधी तपासायचं.

तापमानाच्या काट्याची तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना करायची. सेन्सरवरची वायर काढायची, किल्ली फिरवायची, इंजिन मात्र सुरू करायचं नाही. वायरचं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवायचं. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा गरमकडे सरकू लागतो. सरकला तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर तरी खराब किंवा त्याचं टोक गंजलेलं. टोक जास्त वेळ टेकवून ठेवायचं नाही, त्यानं मीटर जळू शकतो. आमच्या जीपमध्ये वायरचं टोकच हिरवं पडून तुटलेलं निघालं. नवीन टोक बसवलं आणि काटा चालू झाला.

हीच तपासणी टाकीजवळ करायची नाही. गाडी पेट्रोलवर किंवा गॅसवर असेल तर अजिबात नाही. एक ठिणगी पुरे होते. ते काम माहीतगाराकडून करून घ्यायचं. आम्हीही डिझेलच्या काट्याची तपासणी त्या भाऊंकडूनच करून घेतली. फ्लोट चांगला होता, वायर चांगली होती, म्हणजे मीटरच खराब.

सगळे काटे एकदम वेडेवाकडे वागायला लागले, तर सगळे मीटर एकदम बिघडले असं समजू नका. आधी फ्यूज बघा. मग डॅशबोर्डमागची, पत्र्याला जोडलेली अर्थची वायर बघा. काही जुन्या गाड्यांत मीटरमागे एक छोटी डबी असते, ती काट्यांना एकसारखा वीजपुरवठा देते. ती बिघडली तरी डिझेल आणि तापमान, दोन्ही काटे एकत्र चुकतात.

आता मीटर काढायचाच ठरला तर काय करायचं ते ऐका.

आधी हातातल्या पाटल्या, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा. हे नटण्याचं बोलणं नाही. धातूची बांगडी एकीकडे वीज असलेल्या टोकाला आणि दुसरीकडे पत्र्याला लागली, तर ती क्षणात लाल होते आणि मनगट भाजतं. मग बॅटरीची पत्र्याला जोडलेली वायर पहिल्यांदा सोडवा आणि बाजूला बांधून ठेवा. ही वायर सुटली की पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. काम संपल्यावर हीच वायर सगळ्यात शेवटी जोडायची. नुसती किल्ली बंद करून भागत नाही, कारण ॲम्पिअर मीटरच्या जाड वायरींत किल्ली बंद असतानाही वीज असते.

काही काढायच्या आधी मोबाईलवर मागच्या बाजूचा फोटो काढा. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून आकडा टाका, तोच आकडा मीटरच्या टोकाजवळ लिहा. वायरच्या रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत रंग उडालेले असतात आणि मध्येच कुणीतरी दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो. स्क्रू आणि नट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा.

जुन्या जीपसारख्या गाड्यांत प्रत्येक गोल मीटर मागून एका पट्टीनं आणि नटांनी धरलेला असतो. नट सोडवले, पट्टी काढली की मीटर पुढून बाहेर येतो. व्हॅनमध्ये सगळे मीटर एकाच डब्यात असतात. वरचं प्लास्टिकचं झाकण स्क्रू काढून उचलायचं. उन्हानं ते कडक झालेलं असतं, म्हणून ओढाताण करायची नाही. अडलं तर समजा, एखादा स्क्रू अजून राहिलाय.

स्पीडोमीटरच्या मागे केबल असते. तिचा गोल नट हातानं सुटतो किंवा खटका दाबून ती निघते. काटा थरथरत असेल तर पुष्कळदा मीटर चांगला असतो, केबल कोरडी पडलेली किंवा दुमडलेली असते. काढण्याआधी किलोमीटरचा आकडा वहीत लिहा आणि त्याचा फोटो ठेवा. दुरुस्तीनंतर तोच आकडा राहिला पाहिजे. तो कमी करून देतो असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. उद्या ती गाडी घेणारा दुसरा गट फसेल.

दोन मीटर मात्र आपण काढायचे नाहीत. एक ॲम्पिअर मीटर, कारण त्यातून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते. दुसरा बारीक नळीचा ऑइल मीटर. त्या नळीत इंजिनचं तेल असतं. ती दुमडली किंवा वायसर हरवला तर तेल गळतं आणि इंजिन कोरडं पडतं. हे काम मिस्त्रीचंच.

काढलेला मीटर मऊ सुती कापडात गुंडाळून, डब्यात घालून, मांडीवर घेऊन न्या. काट्याला बोट लावू नका. आतली तबकडी पाण्यानं पुसू नका, अक्षरं निघून जातात. तेल तर मुळीच सोडू नका. आम्ही नाशिकला फक्त डिझेलचा मीटर पाठवला. गाडी दारातच उभी राहिली. नवीन सगळे मीटर आणि वायरिंग, हा खर्च टळला.

परत बसवताना नट हातानंच घट्ट करा. पान्यानं जास्त आवळलं तर काच तडकते. वायरी आकड्याप्रमाणे लावा. बॅटरी जोडा, आधी नुसती किल्ली फिरवून काटे बघा आणि मगच गाडी सुरू करा. पहिल्या दिवशी रिकामी गाडी जवळच फिरवून आणा.

गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्या वेळी गाडी तपासली जाते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पीडोमीटरची तरतूद आहे. म्हणून काटे चालू ठेवणं कागदासाठीही गरजेचं आहे.

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं मिस्त्री व्हावं असं आम्ही म्हणत नाही. पण गॅरेजमध्ये गेल्यावर “मीटर, वायर की सेन्सर, काय खराब आहे ते आधी तपासून दाखवा” एवढं एक वाक्य बोलता आलं पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीची वही झाली की गाडीचं बॉनेट उघडा आणि तापमानाचा सेन्सर कुठं आहे तो सगळ्या जणी बघून घ्या. ड्रायव्हरदादांनाही बोलवा. घाट चढताना दर थोड्या वेळानं एक नजर त्या काट्यावर टाकायची, हेही त्यांना तिथंच सांगून ठेवा.