घर आणि पदरचा वाटा
(वरकुटे येथील ज्युबिली समारंभात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष म्हणजे आनंदाचे वर्ष, हे आपण जाणताच. परंतु जुन्या करारात ज्युबिलीचा अर्थ याहून खोल आहे. त्या वर्षी ज्याची वडिलार्जित जमीन गेली असेल त्याला ती परत मिळावी आणि कर्जापायी दास झालेला मनुष्य आपल्या कुळात परत जावा, अशी परमेश्वराची आज्ञा होती. म्हणून या मंगल प्रसंगी घर व कर्ज यांविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात असे प्रतिपादन केले, की मजुराला काटकसर करून थोडीशी मालमत्ता स्वतःची करता येईल इतके वेतन मिळाले पाहिजे. त्या मालमत्तेत पहिले स्थान घराचे. आपल्या इंदापूर तालुक्यात उसाच्या फडात व वीटभट्टीवर राबणारी कितीतरी कुटुंबे अद्याप पत्र्याच्या आडोशाला राहतात. त्यांना मासिक हप्ता कदाचित झेपेल. अडते ते आरंभी पदरच्या घालावयाच्या रकमेपाशी.

ही रक्कम किती असते? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के रक्कम देऊ शकते. उरलेला वाटा घेणाऱ्याचा. किंमत दहा लाखांहून अधिक असल्यास मुद्रांक व नोंदणीचा खर्च या हिशेबात धरत नाहीत, तो निराळा काढून ठेवावा लागतो. दहा लाखांच्या घराला निदान एक लाख आपले हवेत, हे यावरून उघड होते.

आता थोडे गणित करू. व्याज नऊ टक्के व मुदत वीस वर्षे धरल्यास नऊ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ८,१०० रुपये पडतो. आठ लाखांचा सुमारे ७,२००. म्हणजे आरंभी एक लाख अधिक घालणाऱ्याचे वीस वर्षांत सुमारे २ लाख १६ हजार रुपये वाचतात. थोडा वाटा घालून घर मिळते ही सोय खरी. पण ती फुकट नव्हे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आपल्या प्रभूने दिला, तो याचसाठी.

याहून मोठा धोका सांगतो. पदरचा वाटा म्हणून कित्येक जण सावकाराकडून दरमहा शेकडा तीन दराने पैसे उचलतात. एक लाखाला वर्षाचे व्याज ३६ हजार होते आणि मुद्दल जागच्या जागीच! वर बँकेचा हप्ता असतोच. असे घर खडकावर नव्हे, वाळूवर उभारलेले असते. आधी साठवा, मग बांधा.

ज्यांना बँकेचे कर्ज मुळीच झेपणार नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील पात्र कुटुंबास १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. हे अनुदान आहे, कर्ज नव्हे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. या घरकुलाला धर्माची आडकाठी नाही. रमाई आवास योजना मात्र अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी आहे, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना त्या वर्गात स्थान नाही. हा अन्याय आपल्याला सलतो. तो दूर व्हावा म्हणून सनदशीर मार्गाने बोलत राहू. पण घरासाठी आपला विश्वास कागदावर लपवू नका.

गावठाणात राहणाऱ्यांनी आपली मिळकतपत्रिका पाहून ठेवावी. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ती देण्यात येते. कागद स्वच्छ नसेल तर बँक दारात उभे करीत नाही. त्या कागदावर पतीबरोबर पत्नीचेही नाव असावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एकट्याला जे साधत नाही ते मंडळीला साधते. वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ साली आपली सहकारी पतसंस्था उभारली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात फादर जिमी टॉम्किन्स यांच्या धर्मग्रामातील कोळसा खाणीच्या मजुरांनी प्रथम अभ्यासमंडळे भरवून हिशेब व बांधकाम शिकून घेतले. मग १९३८ साली परस्परांच्या साह्याने स्वतःच्या हातांनी घरे बांधली. रोख रक्कम थोडी होती, म्हणून त्यांचे श्रम हाच त्यांच्या वाट्याचा मोठा भाग धरण्यात आला. त्या वसाहतीला टॉम्किन्सव्हिल हे नाव पडले.

आपल्यातही गवंडी आहेत, सुतार आहेत, विटा पाडणारे आहेत. म्हणून या ज्युबिलीची खूण म्हणून तीन गोष्टी आरंभू या: दहा-दहा कुटुंबांचा बचतगट, ज्यात दरमहा ठरलेली रक्कम चुकता न करता पडेल, ज्याचे घर चालू असेल त्याच्याकडे प्रत्येकाचे दोन दिवसांचे श्रमदान, आणि कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो जाणत्या मनुष्याकडून वाचून घेणे.

मंदिर आपण देवासाठी बांधले. आता त्याच्या लेकरांना निवारा मिळावा म्हणून झटू. सुतार असलेला संत योसेफ आपल्या प्रत्येक उंबरठ्याचे रक्षण करो. आमेन.