चित्राखालची हकीकत

(माजी सैनिकांच्या तैलचित्रांच्या अनावरणप्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



नोकरीनिमित्त मी वाराणसीत स्थायिक झालो. तेथे भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थळ आहे. ज्या चित्रांतून आपण राणींना ओळखतो, ती बहुतेक कल्पनेने रेखाटलेली आहेत. त्यांचे माणूसपण मात्र वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी जपले. १८५८च्या वेढ्यात ते झाशीत होते. जे पाहिले ते त्यांनी पुढे ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले.

आज आपल्या शाळेतून सैन्यात गेलेल्यांची चित्रे या सभागृहात लागली आहेत. गणवेश आणि पदके चित्रकाराने हुबेहूब उतरवली आहेत. पण पदकामागची हकीकत रंगांत येत नाही. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांच्या चित्रात परमवीरचक्र दिसेल. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी मार्ग काढला, हे सांगावेच लागते. राणे १९९४ पर्यंत हयात होते. त्यांच्याकडून ते ऐकायला आपल्यापैकी किती जण गेले?

यांतील काही सैनिक आज पहिल्या रांगेत बसले आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी जावे. रणांगणाची आणि पत्राची वाट पाहणाऱ्या घराचीही हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी व चित्राखाली लावावी. हे काम पुढच्या समारंभापर्यंत लांबवू नये, एवढीच विनंती.